मागे पडलात, पण कोणाच्या?

प्रश्न थोडक्यात असा: पत्रलेखिका ४७ वर्षांच्या आहेत, नाशिकला एका पतसंस्थेत नोकरी करतात. लॉकडाऊनमध्ये मुलीने त्यांना 'क्रॅश लँडिंग ऑन यू' ही कोरियन मालिका दाखवली आणि दोघींना नादच लागला. रात्रीची जेवणं उरकली की एक भाग ठरलेला. पुढे मुलगी नोकरीसाठी बंगळुरूला गेली. आता त्या एकट्याच बघतात. त्या लिहितात, "ऑफिसातल्या मैत्रिणींचा ग्रुप आहे, तिथे रोज नव्या मालिकेचं नाव येतं. यादी वाढतच चालली आहे आणि अर्धवट सोडलेल्या डझनभर तरी झाल्या. टीव्ही माझ्या हातात येतो तोच साडेदहाला. एकच भाग म्हणून बसते आणि दीड वाजतो. पावणेसहाला डब्यासाठी उठायचं असतं. मध्ये 'यान्शी पॅलेस' ही चिनी मालिका लावली, सत्तर भागांची. विसाव्या भागात कोण कोणती राणी तेच कळेना. हिंदी डबिंग लावलं तर लेक नाक मुरडते. मिस्टर म्हणतात, एवढा अभ्यास केला असतास तर प्रमोशन मिळालं असतं. चांगलं नेमकं निवडायचं कसं आणि सगळ्यांच्या बरोबरीने राहायचं कसं? मी फार मागे पडते आहे."

ताई,

आधी तुमच्या ग्रुपकडे बघू. समजा तुम्ही चार-पाचजणी आहात. एक 'क्वीन ऑफ टीअर्स' बघतेय, दुसरी जुनंच काहीतरी पुन्हा बघतेय, तिसरीने शनिवार-रविवारी खून-मारामारीचं काहीतरी संपवलं आणि चौथी नुसतेच बदाम टाकतेय. ग्रुपवर तीन नावं झळकतात आणि तुम्ही तीनही आपल्या यादीत चढवता. म्हणजे एकेकीने एकेक बघायचं आणि तुम्ही एकटीने सगळ्यांचं बघायचं. अशा शर्यतीत कोणीही मागेच पडणार. त्या तिघींनाही वाटत असेल की आपण सोडून बाकीच्या सगळं बघतात. एकदा विचारून बघा.

खुद्द सोलमध्ये राहणारा माणूससुद्धा सगळं बघत नाही. तिथल्या वाहिन्यांवर मालिका वर्षानुवर्षं जोडीच्या दिवसांनी लागत आल्या: सोमवार-मंगळवार, बुधवार-गुरुवार, शनिवार-रविवार. बघणारा त्यातली आपली जोडी धरतो आणि बाकीचं सोडून देतो. तुम्ही दोघींनी पाहिलेली 'क्रॅश लँडिंग' तिथे डिसेंबर २०१९ ते फेब्रुवारी २०२० अशी चालली, शनिवारी एक भाग, रविवारी एक. सोळा भाग, बहुतेक भाग सव्वा तासाहून मोठे, म्हणजे झाले वीस तासांच्या वर. कोरियन प्रेक्षकाने ते दोन महिन्यांत पाहिले. तुम्ही दोघींनी किती रात्रींत उडवले ते मी विचारत नाही.

तुमच्या दीड वाजण्याचं कारण इथेच आहे. आठवडाभर थांबायला लावायचं म्हणून प्रत्येक भागाची शेवटची दोन मिनिटं मुद्दाम रचलेली असतात. नायिका रस्ता ओलांडतेय, दिव्यांचा झोत टाकत ट्रक येतोय, आणि संपलं. तिथला माणूस हळहळत झोपायला जातो. तुमच्याकडे मात्र पाच सेकंदांत पुढचा भाग आपोआप सुरू होतो आणि ट्रकचं काय झालं हे न बघता कोण उठेल? तेव्हा दोन गोष्टी करा. नेटफ्लिक्सच्या प्रोफाइलमध्ये पुढचा भाग आपोआप सुरू होण्याची सोय बंद करता येते, ती आजच लेकीकडून फोनवर विचारून बंद करा. आणि भाग संपल्यावर थांबायचा नादच सोडा. पुढच्या भागाची पहिली आठ-दहा मिनिटं बघा. ट्रक हमखास बाजूने निघून गेलेला असतो, गोष्ट शांत झालेली असते, तिथे टीव्ही बंद करणं जमतं. दुसऱ्या दिवशी तिथूनच सुरू करा. भागाच्या मध्ये थांबायचं, शेवटी कधीच नाही. एवढ्यावर बहुतेकांची झोप परत येते.

आता तुमच्या थकव्याबद्दल. आपल्याकडची रोजची मालिका आपण निम्मी कानाने बघतो. कणीक मळताना, भाजी निवडताना ती चालू असते. सासूबाई "काय?" म्हणाल्या की त्यांचा चेहरा तीन बाजूंनी तीनदा दिसतो, तेवढ्यात आपली फोडणी घालून होते. आठवडा चुकला तरी बिघडत नाही, कोणीतरी आधीची सगळी हकीकत दुसऱ्याला सांगत असतंच. कोरियन, जपानी, चिनी मालिका अशी बघता येत नाही. तिथे डोळा हलला की वाक्य गेलं. दिवसभर पतसंस्थेत आकडे वाचून आल्यावर रात्री साडेदहाला धावती इंग्रजी अक्षरं वाचायची म्हणजे दुसरी पाळीच. त्यात तुम्ही पेंगलात तर ते मागे पडणं नव्हे. टीव्हीवर सबटायटलची अक्षरं मोठी करता येतात, ती करा. आणि मोबाइलवर, चाळिशी कपाळावर सरकवून बघत असाल तर ते तेवढं थांबवा.

पण मला खरा प्रश्न पडला तो साडेदहाचा. टीव्ही साडेदहालाच का हातात येतो? त्याआधी तो कोणाच्या हातात असतो, आणि तुम्ही कुठे असता? माझा अंदाज, ओट्यापाशी. मग रात्री दीडपर्यंत जे चालतं ते मालिकेचं वेड कमी आणि दिवसभरात आपला असा एक तास न मिळाल्याची वसुली जास्त असावी. मी चुकत असेन तर सोडून द्या. बरोबर असेन, तर मालिका बदलून काही होणार नाही, वेळ बदलावी लागेल. आठवड्यातले दोन दिवस ठरवा, नऊ ते सव्वादहा टीव्ही तुमचा, आणि त्या दोन दिवशी झाकपाक आणि ओटा मिस्टरांचा. त्यांना अभ्यासाची एवढी आठवण येते तर आयपीएलचे सत्तरहून जास्त सामने कुठल्या परीक्षेला असतात हेही एकदा प्रेमाने विचारायला हरकत नाही. दोन दिवस, दोन भाग. कोरियातही आठवड्याला दोनच लागतात, हे त्यांना सांगता येईल.

निवडीकडे वळू. बहुतेकजणी नायक बघून निवडतात. त्यात गैर काही नाही, पण फसायला होतं, कारण तोच देखणा चेहरा पुढच्या वर्षी अगदी रटाळ मालिकेत दिसतो. मी लेखक बघते. कोरियात सोळाच्या सोळा भाग बहुधा एकच लेखक लिहितो, किंवा लेखिका, आणि बऱ्याचदा लेखिकाच. त्यामुळे एक आवडली की त्याच हातची दुसरी आवडण्याची शक्यता बरीच. 'क्रॅश लँडिंग' पार्क जी-उन यांची. ग्रुपवर गाजणारी 'क्वीन ऑफ टीअर्स' (२०२४) त्यांचीच, आणि त्याआधीची 'माय लव्ह फ्रॉम द स्टार'ही. चकचकीतपणा, विनोद आणि मधूनच डोळ्यांत पाणी हा त्यांचा खाक्या. तेवढा झगमगाट नको असेल तर पार्क हे-यंग यांची 'माय मिस्टर' (२०१८) किंवा 'माय लिबरेशन नोट्स' (२०२२). संथ आहेत, पहिल्या भागात काहीच घडत नाही असं वाटेल, आणि उदास रात्री लावू नका. म्हातारपण, आई-मुलगी, जुन्या मैत्रिणी हे सगळं हवं असेल तर नो ही-क्युंग यांची 'डिअर माय फ्रेंड्स' (२०१६). तिच्यात नायिका तरुण नाहीत, सत्तरीच्या बायका आहेत, आणि त्या भांडतातही सत्तरीच्या बायकांसारख्याच. पोलिसी तपास आवडत असेल तर किम उन-ही यांची 'सिग्नल'. नावं लक्षात ठेवायची गरज नाही. जी मालिका मनापासून आवडली तिच्या लेखिकेचं नाव शोधा आणि पुढची निवड तिथून करा.

किती भागांनंतर सोडायचं, हा प्रश्न मला बऱ्याच पत्रांतून येतो. दोन भाग बघून ठरवू नका. पहिल्या दोन भागांत निर्माते हात सैल सोडतात: परदेशातलं चित्रीकरण, अपघात, नायक-नायिकेचं बालपण. पोशाखी ऐतिहासिक मालिकेत तर सुरुवातीचे काही भाग बालकलाकारच असतात, आपण ज्यांच्यासाठी बसलो ते अजून मोठेच झालेले नसतात. तिसऱ्या-चौथ्या भागात गोष्ट घरी येते, माणसं ऑफिसात जातात, जेवतात, भांडतात. ते बघायला आवडलं तरच पुढे जा. चौथ्या भागाअखेर मन रमलं नाही तर सोडा, आणि अपराधी वाटून घेऊ नका.

दुसरी मरगळ येते ती अकरा ते चौदा या भागांत. इथे दोघांचं फाटतं, कोणीतरी कोणाच्या भल्यासाठी दूर जातं, जुनं रहस्य उकलायला चार भाग लागतात. यामागे सवयही आहे. पूर्वी तिथे मालिका चालू असतानाच चित्रीकरण चाले, संहिता शेवटच्या क्षणी हातात पडे, आणि मालिका गाजली की भाग वाढवले जात. 'जुमोंग' ही २००६ साली सुरू झालेली मालिका ६० भागांची ठरली होती, ती ८१ पर्यंत गेली. २०१६ साली 'डिसेंडंट्स ऑफ द सन' आधी पूर्ण चित्रित करून मग दाखवली गेली आणि पुढे ती पद्धत वाढली. हल्ली बारा भागांतही मालिका आटोपतात. तेव्हा निवडताना भाग मोजा. सध्या तुम्हाला बाराच्या आसपासचं झेपेल असं मला वाटतं. 'नविलेरा' (२०२१) बाराच भागांची आहे, सत्तर वर्षांचे आजोबा बॅले शिकायला जातात त्याची गोष्ट. घरच्यांचा विरोध, शेजाऱ्यांची कुजबुज, सगळं आपल्या ओळखीचं.

भाग मोजताना एक गंमत ध्यानात ठेवा. तिथल्या मोठ्या वाहिन्यांना कार्यक्रमाच्या मध्ये जाहिराती दाखवायला परवानगी नव्हती, म्हणून काही वर्षं त्यांनी एका भागाचे दोन तुकडे करून त्यांच्यामध्ये जाहिराती घातल्या. २०२१ साली तो नियम बदलला. त्यामुळे २०१७ ते २०२० च्या दरम्यानच्या मालिकांपुढे कुठे ३२ किंवा ४० भाग असं दिसतं. 'व्हेन द कॅमेलिया ब्लूम्स' अशीच चाळीस तुकड्यांत लागली, नेटफ्लिक्सवर ती वीस भागांची आहे. आकडा बघून घाबरू नका, एका भागाची मिनिटं बघा.

यादी कमी करायचा आणखी एक सोपा उपाय. 'बॉईज ओव्हर फ्लॉवर्स' ही मूळ जपानी चित्रकथा. तिच्यावर तैवानने २००१ साली मालिका काढली, जपानने २००५, कोरियाने २००९, चीनने २०१८ आणि थायलंडने २०२१ साली. ग्रुपवर ही एकच गोष्ट निरनिराळ्या नावांनी पाच वेळा आली असेल. एक बघा, चार खोडा.

डबिंगवरून लेकीचं बोलणं मनाला लावून घेऊ नका. मूळ आवाजात नटाचा खरा अभिनय ऐकू येतो हे बरोबरच आहे. पण कोरियन बोलण्यात मोठ्या-लहानाचा मान क्रियापदापर्यंत जातो. दोघं मानाने बोलता बोलता एकदम जवळिकीने बोलायला लागतात तेव्हा काहीतरी मोठं घडलेलं असतं, आणि इंग्रजी सबटायटलमध्ये ते सपाट होऊन जातं. हिंदी डबिंग नीट केलेलं असेल तर आप, तुम, तू यांतून ते पोचू शकतं. आणि चिनी मालिकांत तर मूळ आवाजसुद्धा पुष्कळदा पडद्यावरच्या नटाचा नसतो, दुसऱ्याच कलाकाराने स्टुडिओत दिलेला असतो. हे लेकीला जरूर सांगा. माझा सल्ला इतकाच: दमलेल्या दिवशी हिंदीत, ताज्या दिवशी मूळ आवाजात. फक्त एकाच मालिकेत अदलाबदल करू नका, ओळखीचा आवाज बदलला की माणूसच बदलल्यासारखं वाटतं.

आणि परदेशी मालिका हिंदीतून बघणं आपल्याला नवं नाही. राजवाड्याच्या मुदपाकखान्यातून राजाची वैद्य होणाऱ्या जांग-ग्युमची कोरियन मालिका २००६ च्या सुमारास दूरदर्शनवर हिंदीत लागत होती. तेव्हा कोणी नाक मुरडलेलं मला आठवत नाही.

'यान्शी पॅलेस'चं मात्र तुम्ही उगाच स्वतःवर घेतलंत. सत्तर भाग, प्रत्येकी पाऊण तास, म्हणजे बावन्न तासांच्या वर. शिवाय चीनच्या छिंग राजघराण्याच्या जनानखान्यात आठ पायऱ्या होत्या आणि एखादीला बढती मिळाली की तिचं संबोधनच बदलायचं. तुम्ही जिला पाचव्या भागात एका नावाने ओळखलंत ती पंधराव्यात दुसऱ्याच नावाने हजर. तुम्हीच काय, कोणीही गोंधळेल. पुन्हा लावायची असेल तर वहीच्या पानावर राण्यांची नावं उभी लिहा आणि प्रत्येकीपुढे तिच्या बढत्या. पतसंस्थेत खातेवही सांभाळणाऱ्या बाईला हे सांगायला नको. पण आत्ता नको, दिवाळीच्या सुट्टीत बघा. चिनी मालिकाच हवी असेल तर २०२० नंतरची शोधा. तिथल्या सरकारी खात्याने त्या वर्षी मालिका चाळीस भागांच्या आत ठेवायला सांगितलं आणि त्यानंतर त्या जरा आवरत्या झाल्या.

साडेदहालाच वेळ मिळाला आणि तरी काहीतरी बघायचंच असेल, तर जपानी 'मिडनाइट डायनर'. पंचवीसेक मिनिटांचा भाग, प्रत्येकात वेगळी गोष्ट, पुढच्याची ओढ नाही. टोकियोच्या शिंजुकूमधली एक चिमुकली खाणावळ, मध्यरात्री बारा ते सकाळी सात उघडी. मालकाकडे जिन्नस असतील तर गिऱ्हाईक मागेल ते तो करून देतो. कोणी अंड्याची गोड वळकटी मागतं, कोणी तळलेले लाल सॉसेज, आणि त्या पदार्थामागची त्या माणसाची हकीकत उलगडते. एक भाग बघून माणूस खरंच झोपायला जातो. भूक लागते, ही एकच अडचण.

राहिली लेक. पत्रात तुम्ही तिच्याबद्दल दोनच ओळी लिहिल्यात, पण मला वाटतं सगळं पत्र तिथूनच सुरू होतं. तुम्ही दोघींनी मिळून बघत होतात तेव्हा अर्धवट सुटलेल्या मालिकांची तक्रार नव्हती. ती गेल्यावर यादी वाढायला लागली. तिच्या बरोबरीने राहायला म्हणून तुम्ही हे सगळं बघत आहात का? तसं असेल तर तिला आधी एक साधी गोष्ट विचारा: तू हल्ली काय बघतेस? कदाचित ती कोरियन काही बघतही नसेल. मग तिच्यावर मालिका लादू नका, नुसतं बोला. आणि बघत असेल तर एकच मालिका दोघींची ठरवा. रविवारी रात्री नऊला तिने तिथे आणि तुम्ही इथे एकदम सुरू करायची, संपली की फोन.

त्यासाठी 'व्हेन लाइफ गिव्हज यू टँजरिन्स' बघा. मार्च २०२५ मध्ये आली. कोरियातल्या जेजू बेटावरची एक मुलगी, समुद्रात बुडी मारून शिंपले काढणारी तिची आई, आणि पुढे त्या मुलीचीही शिकायला बेटाबाहेर गेलेली लेक. तरुणपणीची आई आणि तिची मुलगी, दोन्ही भूमिका आययू या एकाच अभिनेत्रीने केल्या आहेत. सोळाच भाग, आणि ते दर आठवड्याला चार असे चार आठवड्यांत, एकेका ऋतूचं नाव देऊन प्रसिद्ध झाले होते. तुम्ही आठवड्याला एक धरलात तर चार महिने पुरेल. रडू येतं, आधीच सांगते. सोमवारी सकाळी डबा असेल तर शेवटचे दोन भाग शनिवारी बघा.

आता त्या डझनभर अर्धवट मालिका. एका दुपारी बसा आणि प्रत्येकीचं नाव वाचून बघा: नायिकेचं पुढे काय झालं हे आत्ता, या क्षणी जाणून घ्यावंसं वाटतं का? वाटलं तर ठेवा. नायिकेचं नावच आठवत नसेल तर ती गेली. मध्ये शेवट कुठेतरी वाचून टाकावासा वाटला, तर वाचा आणि तीही काढा. 'कंटिन्यू वॉचिंग'च्या, म्हणजे अर्धवट बघितलेल्यांच्या ओळीतून मालिका काढून टाकायची सोय नेटफ्लिक्सवर आहे, ती नावं रोज समोर दिसली नाहीत की निम्मं ओझं तिथेच उतरतं. तीन उरल्या तर खूप झालं. आणि ग्रुपवर नवं नाव आलं की यादीत घालण्याआधी पाठवणारीला विचारायचं, किती भाग, एक भाग किती मिनिटांचा, आणि तू चौथ्याच्या पुढे गेलीस का? निम्म्या वेळा उत्तर येणार नाही.